गोफ, गोंडा आणि खिशातला चाकू

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त मे महिन्यात भरलेल्या मुलांच्या छंदवर्गाच्या समारोपाला केलेलं भाषण. कृतीचा भाग घरी बघून करता यावा म्हणून लिहिताना थोडा वाढवला आहे.)



दोरीवर बोलायला उभा राहिलेला माणूस चऱ्हाट वळत बसणार, अशी भीती तुमच्या चेहऱ्यावर दिसते आहे. तसं करणार नाही. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलाय, आत पंखे गरम हवा फेकतायत आणि स्वयंपाकघरातून आमरसाचा वास येतोय. तेव्हा आटोपतं घेतो.

छंदवर्गात मुलांनी काय केलं? घडीच्या छोट्या चाकूला लावायची दोरी केली. चार पदरांचा गोफ विणला, खाली गोंडा सोडला आणि ती चाकूच्या मागच्या भोकात अडकवली. टेबलावर मांडलेत ते सगळे नमुने, जेवणाआधी जरूर बघा. स्काउटमध्ये आणि जहाजावर या दोरीला लॅन्यार्ड म्हणतात. पोलिसांच्या खांद्यावरून खिशात गेलेली शिट्टीची दोरी तुम्ही पाहिली असेल, ती त्याच जातीची.

वर्ग सुरू होण्याआधी दोन प्रश्न माझ्याकडे आले. एका ताईंनी विचारलं, "सर, मुलांच्या हातात चाकू कशाला?" आणि एका आजोबांनी विचारलं, "मास्तर, चाकूला गोंडा कशाला? चाकू काय नवरदेव आहे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आज त्यांचीच उत्तरं द्यायची आहेत. आधी आजोबांचा प्रश्न घेतो, कारण त्याच्या उत्तरातच ताईंचं उत्तर आहे.

दोरी आली कुठून ते बघू. शिडाच्या जहाजावरचा खलाशी उंच डोलकाठीवर चढून काम करायचा. एका हाताने दोर धरलेला, दुसऱ्या हातात चाकू. तिथून चाकू सुटला तर एक तर समुद्रात गेला, नाही तर खाली डेकवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात. म्हणून चाकूला दोरी आणि दोरी अंगाला. काम नसेल तेव्हा महिनोन्‌महिने समुद्रावर करायचं काय? मग त्याच दोरीवर नक्षीच्या गाठी मारत बसायचं. क्लिफर्ड अ‍ॅशली नावाच्या अमेरिकन चित्रकाराने अशा गाठी आयुष्यभर गोळा केल्या आणि 1944 साली त्यांचं पुस्तक काढलं. साडेतीन हजारांहून जास्त नोंदी आहेत त्यात, आणि चाकूच्या दोरीची म्हणून ओळखली जाणारी एक खास गाठही आहे. पुढे बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राउन्सी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं आणि स्काउटच्या गणवेशात दोरी, गाठी, चाकू हे सगळं आलं. आपल्याकडे निरनिराळ्या संघटना एकत्र होऊन 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. इथे बसलेल्या साठीच्या पुढच्या अनेकांनी शाळेत ती खाकी चड्डी आणि गळ्यातला स्कार्फ घातलेला आहे. हात वर करा बघू! बघा मुलांनो, किती हात आहेत.

म्हणजे ही गोष्ट समुद्रावरची, साहेबाची, आपली नव्हे, असं वाटेल. तसं नाही. खान्देशात समुद्र नसला तरी दोरीचं ज्ञान त्या खलाशाच्या तोडीचं होतं. ते बैलाच्या अंगावर होतं.

आमच्या पिढीतल्या लोकांनी आठवून बघा. वेसण, म्होरकी, कासरा, दावं, विहिरीवर मोटेचा नाडा, भाकरी टांगायचं शिंकं, बाजेची विणलेली दोरी. शेतात कपाशीच्या किंवा ज्वारीच्या कडेने अंबाडीच्या ओळी असायच्या. भाजीपुरती अंबाडी खुडायची, उरलेली वाढू द्यायची, कापून पेंढ्या पाण्यात कुजत घालायच्या आणि मग साल सोलून वाख काढायचा. त्या वाखाला एका दिशेने पीळ द्यायचा आणि असे पिळलेले दोन-तीन पदर उलट्या दिशेने एकमेकांवर वळायचे. पदर उलगडायला बघतो, दोर वळायला बघतो, आणि या दोघांच्या भांडणात दोर घट्ट राहतो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण ज्याने केली त्याने दोर स्वतः वळलेला असणार.

आणि हेही सांगितलं पाहिजे की गावगाड्यात हे काम परंपरेने मातंग समाजाच्या हाती होतं. बलुत्यात त्यांनी गावाला दोर पुरवला. मोट त्यांच्या दोरावर चालली, बैल त्यांच्या दाव्याला बांधले गेले. त्या हातांना त्या काळात मान मिळाला नाही, मोबदलाही मिळाला नाही पुरेसा. आज आपण मुलांना गोफ शिकवतो तेव्हा त्या कारागिरांचं ऋण मान्य करून शिकवावं, असं मला वाटतं.

आता पोळा. अहिराणीत आपण पोया म्हणतो. श्रावणी अमावास्येच्या आधी आठवडाभर बाजारात दुकानं कशी लागतात? लाल, पिवळे, हिरवे, राणी रंगाचे गोंडे, गोफ, घुंगरमाळा, रंगीत म्होरक्या, नवे कासरे. शहरातला माणूस म्हणतो, किती छान सजावट! शेतकऱ्याला विचारा. तो सांगेल की पोळ्याला वेसण नवी घालायची असते, म्होरकी नवी, कासरा नवा. वर्षभराच्या नांगरणी-वखरणीत, पावसात, शेणामुतात दोर झिजलेला असतो. तो बैलाच्या नाकाला काचतो, नाही तर ऐन चढावर तुटतो. म्हणून वर्षातून एक दिवस असा ठरवून ठेवला की त्या दिवशी प्रत्येक दोर हातात घेतला जाईल, पाहिला जाईल आणि बदलला जाईल. आणि तो दिवस कुणी चुकवू नये म्हणून त्याचा सण केला, पुरणपोळी केली, गोंडे लावले.

आजोबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. आपण जी वस्तू सजवतो, ती हातात घेऊन बघतो. बघितली की झिजलेली कळते. गोंडा ही देखभालीची खूण आहे. ज्या चाकूला मुलाने स्वतः विणलेली दोरी आहे तो चाकू पडून राहणार नाही, गंजणार नाही आणि उघडा तर कुठेच राहणार नाही.

आपल्या घरांत याची उदाहरणं होतीच की. आजोबांची चंची आठवा. पान, सुपारी, चुना, कात असे कप्पे, गुंडाळी करून वरून लांब दोरी गुंडाळायची, टोकाला गोंडा. आजीचा बटवा, दोन बाजूंनी दोन दोऱ्या ओढल्या की तोंड बंद. किल्ली करदोट्याला. बंडीला कापडाची गुंडी. अ‍ॅशलीच्या पुस्तकातली चाकूच्या दोरीची गाठ आणि चिनी अंगरख्यावरची गाठीची गुंडी यांचं विणकाम एकच आहे, फक्त पदर बाहेर काढायची रीत निराळी. सगळीकडे तत्त्व एकच. जे हरवायला नको त्याला दोरी, आणि जी दोरी रोज हाताळायची ती हाताला आणि डोळ्याला बरी वाटावी अशी.

बरं, आता प्रत्यक्ष कृती. मुलांना येते, पण मोठ्यांनीही करून बघावी. सांगतो तशी करा.

दोरी कोणती घ्यायची? साधारण तीन मिलिमीटर जाडीची सुती दोरी उत्तम. कापसाच्या जिल्ह्यांत राहतो आपण. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल यांच्या भोंग्यावर ज्यांच्या घरची चूल पेटायची अशी कुटुंबं आपल्या सोसायटीतही आहेत. सुती दोरी आधी पाण्यात भिजवून, वाळवून घ्या. नाही तर ती पहिल्या पावसात आखडते आणि गाठ अशी आवळते की दाताने सुटत नाही. बाजारात पॅराकॉर्ड म्हणून नायलॉनची दोरी मिळते, पॅराशूटची. तिचा प्रमाणित प्रकार साधारण अडीचशे किलोचा ताण घेतो. मजबूत आहे, रंग छान आहेत. पण हीच मजबुती कधी कधी धोक्याची असते, ते पुढे सांगतो.

रंग? भडक घ्या. लाल, पिवळा, राणी. आपली माती काळी. तपकिरी मुठीचा चाकू कपाशीच्या सरीत पडला तर सात पिढ्या सापडणार नाही. लाल गोंडा लांबून दिसतो.

पहिली पायरी. दोन दोऱ्या कापा, एक सव्वा मीटर, एक एक मीटर. टोकं उसवू नयेत म्हणून प्रत्येक टोकाला शिवणाचा दोरा सात-आठ वेढे घट्ट गुंडाळून बांधा. नायलॉन असेल तर टोक मेणबत्तीवर वितळवतात. ते मोठ्यांनी करावं, वितळलेलं नायलॉन बोटाला चिकटतं आणि भाजतं.

दुसरी पायरी. लांब दोरी मधोमध दुमडा. वर चार बोटं मावतील एवढा फासा ठेवा आणि त्याखाली दुसरी दोरी मधोमध आडवी धरून दोऱ्याने तात्पुरती बांधा. आता खाली चार पदर झाले, चार दिशांना पसरा.

तिसरी पायरी, आणि हीच खरी गंमत. पुठ्ठ्याच्या खोक्याची चार झाकणं चिकटपट्टीशिवाय एकमेकांत अडकवून आपण बंद करतो ना, पहिलं दुसऱ्यावर, दुसरं तिसऱ्यावर, तिसरं चौथ्यावर आणि चौथं पहिल्याच्या खाली खुपसायचं? अगदी तसंच या चार पदरांचं करायचं. पहिला पदर दुसऱ्यावरून, दुसरा तिसऱ्यावरून, तिसरा चौथ्यावरून, आणि चौथा पहिल्याने केलेल्या वळशातून ओवायचा. चारही टोकं हळूहळू सारखी ओढायची. एक थर झाला. असे थरावर थर चढवत जा. प्रत्येक थर एकाच दिशेने फिरवला तर गोल, पिळाचा गोफ होतो. एक थर उजवीकडून, पुढचा डावीकडून असं केलं तर चौकोनी होतो. आठ सेंटिमीटर पुरे, म्हणजे एका मुठीएवढा.

ज्यांनी गोफ नाच पाहिलाय त्यांना हे पटकन कळेल. वर बांधलेल्या रंगीत पट्ट्या हातात धरून नाचणारे एकमेकांच्या आतून-बाहेरून जातात आणि गोफ विणला जातो. मग उलट पावली नाचून तो सोडवतात. एकाची पावलं चुकली की सगळा गुंता. इथेही तसंच. एक पदर सैल राहिला की वरचे सगळे थर वाकडे बसतात. परवा एका छोटीने अर्धा गोफ उलगडून पुन्हा विणला, कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या आईने मला नंतर विचारलं, "ही घरी गृहपाठाचं अक्षर पुन्हा काढायला तयार होत नाही, इथे कशी झाली?" मी म्हटलं, अक्षर बाई तपासतात. गोफ तिचा तिलाच वाकडा दिसला.

चौथी पायरी, गोंडा. शेवटचा थर घट्ट ओढून उरलेले चार पदर एकत्र धरा आणि त्यांच्या गळ्याशी रंगीत दोरा दहा-बारा वेढे आवळून बांधा. खाली तीन-चार बोटं सोडून बाकीचं कापून टाका. सुती दोरीचे पीळ उलगडा, कंगव्याने विंचरा. झाला गोंडा. बैलाच्या गोंड्यासाठी लोकर वेगळी गुंडाळून करतात, तसाही करून वर बांधता येईल.

पाचवी पायरी, चाकूला लावणं. चाकू बंद ठेवा. उघड्या चाकूला दोरी बांधायची नाही, हा वर्गातला पहिला नियम होता. वरचा फासा चाकूच्या भोकातून किंवा कडीतून बाहेर काढा, मग गोंड्यासकट सगळा गोफ त्या फाशातून ओवून घ्या आणि ओढा. जितकं ओढाल तितकी पकड आवळते, आणि सोडवायची तेव्हा मागे ढकलली की सैल होते. भोक बारीक असेल तर आधी छोटी पोलादी रिंग घाला आणि तिच्यात फासा अडकवा. स्विस चाकूंना अशी रिंग मागे असतेच. त्या देशाच्या सैन्याला 1891 पासून घडीचा चाकू मिळतो, आणि पुढे त्याचीच बहीण म्हणजे पर्यटकांच्या खिशातला लाल चाकू जगभर गेला.

सहावी पायरी तपासणी. बंद चाकू मुठीत धरून गोफ जोरात ओढा. मग एक गोष्ट नक्की बघा, चाकू मिटताना गोंड्याचे धागे पात्यात अडकत नाहीत ना? अडकत असतील तर गोंडा कापून आखूड करा. चाकू धरल्यावर गोफ करंगळीच्या मागे, मुठीबाहेर राहिला पाहिजे. लहान चाकूची मूठ तोकडी असते, तिथे हाच गोफ तळहातात घेतला तर पकड चांगली बसते. गुलाबाचं डोळा कलम करणाऱ्या आपल्या बागप्रेमी मंडळींनी हे करून बघावं. त्यांचे चाकू कायम गवतात हरवतात, हे माळीकाकांना माहीत आहे.

आता ताईंचा प्रश्न. मुलांच्या हातात चाकू कशाला?

ताई, तुमच्या घरात चाकू आहेच. विळी आहे, सुरी आहे, कटर आहे, कात्री आहे. दहा-बारा वर्षांचं मूल कधी ना कधी ते हातात घेणारच, तुम्ही घरात नसताना घेणार. प्रश्न एवढाच की ते कुणाच्या देखत शिकून घेणार की एकटं चोरून घेणार. वर्गात आम्ही क्रम असा ठेवला होता. पहिले पाच दिवस चाकूचं दर्शन नाही. फक्त दोरी. सुरगाठ कशी, निरगाठ कशी, दोन्हीतला फरक काय. ज्याचा गोफ सरळ आला त्याला सहाव्या दिवशी चाकू, तोही पालक शेजारी बसलेले असताना. पेन्सिल तासायची, पात्याची धार अंगापासून लांब जाईल अशी. हात लांब केला तर जिथवर पोचेल तेवढ्या गोलात दुसरं कुणी नको. दुसऱ्याला द्यायचा तर मिटूनच द्यायचा. पाच दिवस दोरीवर बसलेल्या मुलाच्या बोटांत धीर आलेला असतो. चाकूला धीराचीच गरज असते.

आणि काही गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. हे मी पालकांना जास्त, मुलांना कमी सांगतोय.

एक, चाकूची दोरी गळ्यात घालायची नाही. झाडावर, झोपाळ्यावर, सायकलवर ती अडकली तर फास होतो. लॅन्यार्ड गळ्यात घालायचाच असेल, समजा शिट्टीचा किंवा ओळखपत्राचा, तर ताण आल्यावर आपोआप सुटणारी पकड असलेला घ्या.

दोन, फिरत्या यंत्राजवळ कुठलीही लोंबती दोरी अंगावर नको. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, ड्रिल, मोटारीचा पट्टा. मघाशी पॅराकॉर्डच्या मजबुतीचं म्हटलं ते यासाठी. कच्ची दोरी तुटते आणि हात वाचतो. अडीचशे किलो ताण घेणारी दोरी तुटत नाही, हात ओढला जातो. शेताशी नातं असलेल्या प्रत्येक घराला असा एखादा हात माहीत असतो. त्यावर मी जास्त बोलत नाही.

तीन, चाकू शाळेत नाही, मिरवणुकीत नाही, लग्नात नाही, विमानात हातातल्या बॅगेत नाही. आपल्या जिल्ह्यांत सणासुदीला पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, पेपरात बातमी येते. तेव्हा "सर, याला तर मीच गोंडा लावलाय" हे पोलिसांना सांगून चालणार नाही. चाकूची जागा घर, शेत, सहल. बाकी वेळ कपाटात, मिटलेला.

मंडळी, आता सोसायटीचं. पंचवीस वर्षांचा आढावा अध्यक्षांनी घेतला, मी फक्त दोरीपुरता घेतो. आपण सगळे खेड्यांतून आलो. कुणी चोपड्याकडचं, कुणी पारोळ्याचं, कुणी साक्री-शिरपूरचं, कुणी रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातलं. फ्लॅटमध्ये आलो आणि बैल मातीचे झाले. वाईट काही नाही, जागाच नाही तर करणार काय? आखाजीला झोका बांधायचा तर निंब नाही, मग लोखंडी पाळणा. पण झोक्याचा दोर फांदीवर बांधताना तो फांदीवर घासू नये म्हणून खाली गोणपाट घालणारा माणूस आपल्यात अजून आहे. बी विंगच्या तळमजल्यावर राहतो. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. वर्गाच्या तिसऱ्या दिवशी ते सहज बाहेर आले, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" म्हणून मुलांशेजारी बसले आणि मांडीवर सुताचा पीळ देत दोन मिनिटांत वीतभर दोर वळून दाखवला. मुलं मोबाइल विसरली. तो दोर टेबलावर ठेवलाय. पंचवीस वर्षं आपण त्यांना जिन्यात नमस्कार करत आलो, आणि त्यांना हे येतं हे आपल्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. अजून किती घरांत अशी बोटं असतील? माच विणणारी, शिंकं बांधणारी, गोधडीच्या कडेला गोंडे लावणारी? पन्नासाव्या वर्षाची स्मरणिका निघेल तेव्हा विचारायला ती नसतील. म्हणून आत्ता विचारा.

आणि दुसरी गोष्ट, जी मला आज खरं तर मागायची आहे. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह बदलताना कारागिराच्या हातून पाना सुटला आणि चार मजले खाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीटवर पडला. सीट फाटली, भरपाई झाली, विषय संपला. त्या जागेवर संध्याकाळी आपली मुलं क्रिकेट खेळतात. खलाशाला जे शेकडो वर्षांपूर्वी कळलं होतं ते चार मजल्यांच्या इमारतीला लागू नाही का? उंचावर जाणाऱ्या प्रत्येक हत्याराला दोरी हवी आणि दोरीचं दुसरं टोक मनगटाला किंवा पट्ट्याला हवं. वीतभर सुती दोरी, फासा, दोन गाठी. खर्च चहापेक्षा कमी.

म्हणून माझी सूचना अशी. येत्या पोळ्याला संध्याकाळी मातीच्या बैलांची पूजा होईल, तेव्हा शेजारी एक सतरंजी अंथरू. त्यावर सोसायटीच्या हत्यारपेटीतला प्रत्येक पाना, पक्कड, पेचकस, माळीकाकांची कात्री, घरोघरचे खिशातले चाकू. आणि बागेतल्या पाळण्याच्या दोऱ्या, झेंड्याची दोरी, गच्चीच्या टाकीचं झाकण बांधलेली दोरी, लिफ्ट बंद पडते तेव्हा सिलिंडर वर चढवायचा दोर. प्रत्येक दोरी हातात घेऊन बघायची. झिजली असेल ती बदलायची. जिला गोंडा लावता येईल तिला गोंडा लावायचा. वर्गातली चौदा मुलं हे काम करतील. मी त्यांना विचारलंय, ती तयार आहेत. मोठ्यांनी फक्त दोरीचे पैसे द्यायचे आणि पुरणपोळी करायची. कार्यकारिणीने हा ठराव पुढच्या सभेत घ्यावा, अशी विनंती आहे.

बैल नसलेल्या घरातही पोळा असा साजरा करता येईल. ज्याच्यावर आपला भार आहे, त्याचा दोर वर्षातून एकदा नीट बघायचा.

टेबलावरचे गोफ बघायला विसरू नका. प्रत्येकावर चिठ्ठी नाही, मुद्दाम लावलेली नाही. मुलांना विचारा, हा कुणाचा? जो सांगताना हसेल, त्याचा.